गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानावर गुरुत्व मोजायचं उपकरणच नाही, मग गुरूचं गुरुत्वक्षेत्र मोजलं कसं?

साधा गुरुत्वमापक यानावर बसवूनही उपयोग झाला नसता. यान आणि त्यातलं उपकरण दोन्ही गुरूकडे सारखीच पडत असतात, त्यामुळे उपकरणाला ओढ जाणवतच नाही. म्हणून यानालाच पडणारा दगड मानायचं आणि त्याचा वेग पृथ्वीवरून मोजायचा.

कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनची 34 मीटर व्यासाची अँटेना सुमारे 34 गिगाहर्ट्झचा सिग्नल पाठवते. त्याची फ्रीक्वेन्सी हायड्रोजन मेसर या अतिशय अचूक अणुघड्याळाला बांधलेली असते. जुनोवरचा ट्रान्सपाँडर तो सिग्नल पकडतो आणि ठरलेल्या गुणोत्तराने 32 गिगाहर्ट्झच्या आसपास परत पाठवतो. परतलेल्या फ्रीक्वेन्सीत यानाच्या वेगामुळे जो फरक (डॉप्लर फरक) पडतो, तेवढंच आपलं निरीक्षण. 60 सेकंदांच्या सरासरीत वेगातला 0.01 मिलिमीटर प्रति सेकंद इतका बदल कळतो, म्हणजे 32 अब्ज हर्ट्झमध्ये जेमतेम 2 मिलिहर्ट्झ. आणि यान त्या वेळी गुरूजवळून सेकंदाला 58 किलोमीटरच्या आसपास धावत असतं!

कामाचा डेटा पेरिजोव्हच्या, म्हणजे यान गुरूच्या सगळ्यात जवळ येतं त्या क्षणाच्या, आगेमागे काही तासच मिळतो. गुरूचं गुरुत्व परिपूर्ण गोलाच्या गुरुत्वापेक्षा किती वेगळं आहे ते J2, J3 अशा क्रमाने लिहिलेल्या आकड्यांनी (Jₙ) सांगतात. Jₙ या पदामुळे येणारं त्वरण अंतराच्या (n+2) घाताने घटतं. केंद्रापासून दोन त्रिज्यांवर J10 चा परिणाम पृष्ठभागावरच्या परिणामाच्या 4096 व्या भागाइतकाच उरतो. जुनो ढगांपासून साधारण 4000 किलोमीटरवरून जातं ते याचसाठी महत्त्वाचं.

यानंतर डेटावरून थेट गुरुत्व 'काढत' नाहीत. आधी कक्षेचं मॉडेल चालवून डॉप्लर किती यायला हवा ते काढायचं, प्रत्यक्ष निरीक्षणातून ते वजा करायचं आणि उरलेला फरक लीस्ट स्क्वेअर्सने (फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणाऱ्या पद्धतीने) कमी करत न्यायचा. प्रत्येक फेरीचे सुरुवातीची जागा आणि वेग हे सहा आकडे वेगळे. GM (गुरुत्व स्थिरांक गुणिले गुरूचं वस्तुमान), सगळे Jₙ, गुरूच्या ध्रुवाची दिशा, चंद्रांमुळे येणारी भरती हे सगळ्या फेऱ्यांना सामाईक. सूर्याची आणि चंद्रांची ओढ, सापेक्षतेच्या दुरुस्त्या, भल्यामोठ्या सौरपट्ट्यांवर पडणारा प्रकाशाचा दाब, यातलं काही सुटलं की ते गुपचूप Jₙ मध्ये जाऊन बसतं.

माझ्या मते खरी मेहनत गुरुत्व नसलेल्या गोष्टी बाजूला काढण्यात आहे. जुनो मिनिटाला दोन गिरक्या घेतं आणि सिग्नल वर्तुळाकार ध्रुवित असतो (त्याचं विद्युतक्षेत्र पुढे जाताना गोल फिरत असतं), त्यामुळे नुसत्या गिरकीमुळे एका दिशेला 33 मिलिहर्ट्झ वाढतात किंवा घटतात. वर सांगितलेल्या 2 मिलिहर्ट्झच्या तुलनेत हा डोंगरच. सुदैवाने तो स्थिर असतो, गिरकीचा वेग माहीत असला की वजा होतो. शिवाय अँटेना अक्षावरून जराशी सरकलेली असेल तर दर 30 सेकंदांनी लाट दिसते. 60 सेकंदांच्या सरासरीत बरोबर दोन गिरक्या मावतात आणि ती पुसली जाते.

आयो या चंद्राच्या कक्षेत पसरलेलं प्लाझ्माचं कडं जास्त त्रासदायक. सिग्नल त्यातून जाताना हळूहळू बदलतो आणि तो बदल खऱ्या वेगासारखाच दिसतो. प्लाझ्माचा परिणाम फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून 8.4 गिगाहर्ट्झचा सिग्नलही सोबत घेतला की दोघांच्या फरकातून तो ओळखता येतो. पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पाला मात्र ही युक्ती चालत नाही. त्यासाठी अँटेनाजवळच बाष्प मोजणारा रेडिओमीटर ठेवतात. आणि पेरिजोव्हच्या त्या तासांत थ्रस्टर चालवायचे नाहीत, नाहीतर त्या धक्क्याने मॉडेल बिघडतं.

J2 साधारण 14,696.6×10⁻⁶ आहे, तर J3 फक्त −0.04×10⁻⁶ च्या आसपास, म्हणजे साडेतीन लाख पटींनी लहान. पण मोल त्याचंच मोठं. एकसंध फिरणाऱ्या द्रव ग्रहाचे विषम Jₙ (J3, J5 वगैरे) शून्य असायला हवेत. ते शून्य नाहीत, कारण उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतले वारे सारखे नाहीत. 2018 मध्ये याच आकड्यांवरून ते वारे सुमारे 3000 किलोमीटर खोल जातात हे कळलं.

हे आकडे स्वतः वापरणार असाल तर एक सांभाळा. पेरिजोव्हची जागा दर फेरीत अंदाजे एक अंश उत्तरेकडे सरकते, त्यामुळे दक्षिण गोलार्ध लांबूनच दिसतो आणि मोठ्या n ची Jₙ पदं एकमेकांत गुंतलेली राहतात. तेव्हा वाऱ्यांचं मॉडेल तपासताना सुट्या त्रुटी घेऊ नका, सोबतचं पूर्ण कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच (कोणत्या आकड्याची त्रुटी कोणाशी किती जोडलेली आहे ते सांगणारा तक्ता) घ्या.