कामाइलिओमध्ये लावलेला फ्लॅग पुढे का सापडत नाही?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याच्या ऑफिसातल्या कामाइलिओवर (फोन कॉलचे सिप संदेश पुढे पाठवणारा सर्व्हर) स्क्रिप्टच्या मुख्य रूटमध्ये लावलेला फ्लॅग, म्हणजे खूण, फेल्युअर रूटमध्ये (कॉल पुढे लागला नाही तर चालणारा भाग) कधी दिसतो, कधी दिसत नाही. आणि बाय, म्हणजे कॉल संपवणारी रिक्वेस्ट, आली की तो फ्लॅग कधीच नसतो, त्यामुळे सीडीआरमध्ये (कॉलच्या हिशोबाच्या नोंदीत) कॉलची सुरुवात येते, शेवट येत नाही. मी महापेला कॉल सेंटरांच्या सिप प्रॉक्सी, म्हणजे असेच मधले सर्व्हर, सांभाळतो. ही दोन्ही लक्षणं ओळखीची आहेत, पण कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकाच दुरुस्तीने दोन्ही जाणार नाहीत.

आधी बायचं बघू, कारण तिथे पैशांचा हिशोब अडकलाय. सेटफ्लॅगने लावलेला फ्लॅग ट्रान्झॅक्शनचा असतो, कॉलचा नसतो. इन्व्हाइट (कॉल सुरू करणारी रिक्वेस्ट) आणि त्याची उत्तरं मिळून एक ट्रान्झॅक्शन. बाय येतो तो नवा, कोरा. ठाण्याहून ऐरोलीला येताना काढलेल्या एकेरी तिकिटावर परत जाता येत नाही, तसंच हे. म्हणून डायलॉगच्या, म्हणजे चालू कॉलच्या, आतल्या रिक्वेस्ट जिथे हाताळता, तिथे लूज_रूट (अशा रिक्वेस्टची पुढची वाट ठरवणारं फंक्शन) झाल्यावर मेथड बाय असेल तर अकाउंटिंगचा फ्लॅग पुन्हा लावा. कामाइलिओसोबत येणाऱ्या मूळ कॉन्फिगमध्येही नेमकं हेच केलेलं आहे.

पण तुम्हाला काही ठराविक कॉलचाच हिशोब ठेवायचाय, आणि कोणत्या कॉलचा ते इन्व्हाइटच्या वेळी ठरतं. मग ती खूण कुठेतरी टिकवावी लागेल. मी रेकॉर्ड-रूट हेडरमध्ये (पुढच्या रिक्वेस्ट आपल्यातूनच जाव्यात म्हणून प्रॉक्सी जोडते ती ओळ) ॲड_आरआर_पॅरामने एक पॅरामीटर टाकतो आणि बायवर चेक_रूट_पॅरामने तो तपासून फ्लॅग लावतो. प्रॉक्सीला काही लक्षात ठेवावं लागत नाही, रीस्टार्ट झाली तरी बिघडत नाही. डायलॉग मॉड्यूल आधीच चालू असेल तर $डीएलजी_व्हार, म्हणजे त्या कॉलपुरता टिकणारा व्हेरिएबलही चालेल. फक्त त्यासाठी ते मॉड्यूल चढवू नका. साध्या $व्हार व्हेरिएबलच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नका. त्याची किंमत त्या वर्कर प्रोसेसमध्ये पडून राहते आणि भलत्याच कॉलला चिकटते. असे बग शोधताना जीव जातो.

आता फेल्युअर रूट. टी_रिले (रिक्वेस्ट पुढे पाठवणारं फंक्शन) झालं की रिक्वेस्टची प्रत फ्लॅगसकट शेअर्ड मेमरीत (सगळ्या प्रोसेसच्या सामायिक मेमरीत) गेलेली असते, आणि फेल्युअर रूट त्या प्रतीवर चालतो. टी_रिलेच्या खाली सेटफ्लॅग लिहिलं तर तो फ्लॅग त्या प्रतीपर्यंत पोचत नाही. ‘कधी दिसतो, कधी नाही’ म्हणजे बहुधा तुमच्या स्क्रिप्टमध्ये दोन वाटा आहेत आणि त्यातल्या एकीवर क्रम उलटा आहे. फ्लॅग आधी, रिले नंतर.

डेटाबेस हळू आहे म्हणून वरच टी_न्यूट्रान (रिलेच्या आधीच ट्रान्झॅक्शन तयार करणारं फंक्शन) केलं असेल, तर ते ठेवा. यूडीपीवर उत्तर आलं नाही तर समोरचा 500 मिलिसेकंदांनी इन्व्हाइट पुन्हा पाठवू लागतो, आणि त्या प्रती तिथेच गिळल्या जातात. पण त्यानंतर फ्लॅग बदललात तर टी_फ्लश_फ्लॅग्ज बोलवा. ते फंक्शन त्याचसाठी आहे.

उत्तरांकडे बघत असाल तर टी_ऑन_रिप्लायने जोडलेल्या, स्वतःचं नाव असलेल्या रिप्लाय रूटमध्येच बघा. बिननावाच्या रिप्लाय रूटमध्ये रिक्वेस्टचे फ्लॅग मिळत नाहीत. आणि सेटएसफ्लॅग वापरलंय का तेही तपासा, त्याने लावलेला फ्लॅग स्क्रिप्टची ती फेरी संपली की जातो.

तीन ठिकाणी एक्सलॉग (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाका: टी_रिलेच्या लगेच आधी, फेल्युअर रूटच्या पहिल्या ओळीत आणि बायवर. प्रत्येक ओळीत मेथड, कॉल-आयडी आणि $एमएफ (लागलेले फ्लॅग) छापा, त्यातला एफ कॅपिटल, म्हणजे $mF असा लिहा, म्हणजे हेक्साडेसिमल मिळेल. फ्लॅग क्रमांक 5 लागलेला असेल तर त्यात हेक्स 20 चा बिट दिसायला हवा. बायची ओळच आली नाही, तर अडचण फ्लॅगची नाही. रेकॉर्ड_रूट राहिलंय आणि बाय तुमच्या प्रॉक्सीला वगळून जातोय. एकाच कॉलच्या या ओळी, फोन नंबर झाकून, प्रश्नात जोडा. मी बघतो.