जपानी सुपरमार्केटमध्ये मासळीच्या काउंटरवर सारखं 'साकाना साकाना' असं वाजणारं गाणं कोणतं?

ते 'ओसाकाना तेन्गोकु', म्हणजे माशांचा स्वर्ग. कुठल्या कंपनीची जाहिरात नाहीये ती, मच्छीमार सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाने लोकांनी मासे जास्त खावेत म्हणून 1991 मध्ये करून घेतलेलं प्रचारगीत आहे, दुकानात वाजून वाजून ते एवढं डोक्यात बसलं की 2002 मध्ये सीडी आली आणि ती चक्क हिट झाली. साकाना म्हणजे मासा, पुढे येणारं आतामा म्हणजे डोकं, थोडक्यात मासे खा हुशार व्हा (आपल्याकडे आज्ज्या सांगतात तेच). जपानी थोडं येत असेल तर कडवी नीट ऐका, माशांच्या नावांवर भन्नाट कोट्या आहेत, उदा. सुझुकी हे आडनाव आणि सुझुकी नावाचा मासापण, आणि 'ताई' या माशाचं नाव घालून 'ताईशिता मोन' म्हणजे 'मानलं बुवा' असं सुझुकीलाच म्हटलंय.

फक्त एक चेक करा, शब्द नसून नुसतं 'पोपो पोपोपो' असं वाजत असेल तर ते हे नाही. तो 'योबिकोमी-कुन' नावाचा गिऱ्हाईकांना हाक मारणारा छोटा डबा असतो, गुन्मा देन्की कंपनीचा, आणि तो मासळीपाशीच काय, कुठेही ठेवलेला सापडेल.