इंजिन नवं, पण पेट्रोलच पोचत नाही

प्रश्न : नमस्कार भाऊ. बाबांची 1985 ची प्रीमियर पद्मिनी आहे, दोन वर्षं गोठ्याच्या बाजूले उभीच होती. औंदा इंजिन उतरवून बोअर केलं, पिस्टन, रिंगा, हेड सगळं केलं. आता सेल्फ मारला का चालू होते, जागेवर अर्धा-अर्धा तास चालते, पण रोडवर काढली का चार-पाच किलोमीटरवर गचके देते अन् बंद, चढावर तर हमखास. दहा मिनिटं थांबलं का पुन्हा चालू. मेकॅनिकनं कार्बोरेटर तीनदा धुतला, आता म्हणून रायला इंजिन पुन्हा खोला नाही तर इलेक्ट्रिक पंप लावा. काय करावं?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, इंजिन खोलू नका बाप्पा! जागेवर पेट्रोल थोडंसंच लागते, चढावर कितीतरी जास्त, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी रिकामी होऊन रायली आणि मागून भरणा पुरत नाही. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला का ती पुन्हा भरते म्हणून गाडी चालू होते. कॉइल-कंडेन्सरची, म्हणजे ठिणगीच्या करंटची, खोट असती तर गाडी बहुतेक गचके न देता एकदम, स्विच बंद केल्यासारखी मेली असती. तरी खात्री करा, बंद पडल्या पडल्या एअर फिल्टर काढून हातानं ॲक्सिलरेटर दाबा. आत पेट्रोलची पिचकारी दिसली तर करंटकडे बघा, नाही दिसली तर टाकीकडे मागे चालत जा.

पहिले फुकटचं काम. गाडी अडली की टाकीचं झाकण उघडा, 'सुस्स' करून हवा आत ओढली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं बारीक छिद्र बुजलेलं आहे. गोठ्याजवळ दोन वर्षं उभी म्हणता, मातीचं घर करणाऱ्या माशीला तेवढी जागा पुरते.

मग ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटून पेट्रोल खाली ऑइलात उतरून रायलं. अशात गाडी एक किलोमीटरही चालवू नका, पातळ ऑइलनं नवे बेअरिंग आणि रिंगा खराब होतात.

आता माझा खरा संशय. हा पंप कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या दांड्याच्या, धक्क्यावर चालते. इंजिन बसवताना पंप आणि ब्लॉकच्या मधात जुनी पॅकिंग न खरवडता वरून नवी लावली, त्यावर भरपूर शेलॅक (चिकटवायचा लेप) फासला, की पंप ब्लॉकपासून दूर सरकते, धक्का अर्धवट बसते आणि पेट्रोल कमी ओढलं जाते. जाडी जुन्या मापाचीच पाहिजे. उलट मधला उष्णता अडवणारा तुकडा बसवायचाच राहिला तर पंप तापते, पेट्रोलची वाफ होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. बंद पडल्यावर पंपावर ओला फडका ठेवून गाडी लवकर चालू झाली तर हेच समजा. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकला नाही ना, तेही बघा.

दुसरी जागा टाकी ते पंप. इथं पेट्रोल गळत नाही म्हणून पाइप चांगला असं लोक समजतात, पण हा ओढायचा भाग आहे, चीर असली तर पंप चालताना बाहेर पेट्रोल येत नाही, आत हवा जाते. इंजिन उतरवताना ओढाताणीत रबरी नळी क्लिपजवळच चिरते. आता पेट्रोल पंपावर मिळते ते 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल, जुनं रबर त्यात फुगते नाही तर भुगा होते, डायफ्रॅमही. इथेनॉल सहन करणारी नळीच घ्या, दोन मीटर पुरेल.

बराचसा अंदाज छोट्या डब्यानं लागते. पहिले टाकीवरच रेस देऊन गचके येतात का बघा, मग लिटरभर पेट्रोल डब्यात घेऊन नवी नळी सरळ पंपाच्या तोंडाला जोडा, डबा इंजिनपासून दूर, घट्ट बांधून ठेवा, बिडी-सिगारेटवाल्याला लांब उभा करा. जागेवरच, बॉनेट उघडं ठेवून, पाच मिनिटं चांगला रेस देऊन बघा. गचके गेले तर खोट टाकी ते पंपाच्या मधात, नळी बदला आणि टाकी धुवा. गेले नाही तर पंप आणि पॅकिंग.

इलेक्ट्रिक पंपाचं म्हणाल तर आता नको. इंजेक्शनच्या गाडीचा लावला तर कार्बोरेटरची निडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) तेवढं प्रेशर थांबवूच शकत नाही, सगळं पेट्रोल वरून वाहते, तेही गरम इंजिनवर. आणि पाइप चिरलेलाच असेल तर तो पंपही हवाच ओढेल ना?