हळदीवरून परतणाऱ्या गाडीनं सायकलवर असलेल्या वडिलांना उडवलं, आता सत्तर हजारात मिटवा म्हणतात

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. वडील, म्हणजे आबा, वय 51, पारोळा-अमळनेर रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये कामाला, सकाळच्या पाळीला सायकलवर निघाले होते, 29 नोव्हेंबरची पहाट, पावणेपाचची वेळ. मागून एक चारचाकी आली, आत चार पोरं, रात्रभर हळदीला डीजेवर नाचून परत निघालेली. आबांची डावी मांडी मोडली, आत रॉड टाकलाय. गाडी पन्नास पावलं पुढं जाऊन थांबली, चहाच्या टपरीवाल्यानं चालवणाऱ्याला उतरताना पाहिलं, आणि सकाळी दहाला पोलीस ठाण्यात "गाडी मी चालवत होतो" म्हणून हजर झाला तो त्याचा मेहुणा, जो हळदीला प्यायलाच नव्हता. मूळ पोराचं रक्त घेतलं ते तुम्ही आरडाओरड केल्यावर, दुपारी साडेबाराला. आता गावातले चार लोक सत्तर हजार घेऊन स्टॅम्प पेपरवर सही करा म्हणून मागं लागलेत, रविवारी बैठक आहे आणि तुम्ही चाकणहून सुट्टी काढून आलायत.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. सही करू नका. कारण भावनिक नाहीये, हिशेबाचं आहे.

सत्तर हजार तुम्हाला मोठे वाटतायत कारण ते पोराच्या बापाच्या खिशातून येणार असं तुम्ही धरून चाललायत. भरपाई मुख्यतः विमा कंपनी देते, गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून. आता आबांचा महिना बारा हजार धरा, 51 ते 55 वयाला सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक 11, म्हणजे वर्षाच्या कमाईची 11 पट, आणि समजा कोर्टानं कमावण्याची क्षमता 30 टक्के गेली असं मानलं, तर बारा हजार गुणिले बारा महिने गुणिले 11, त्याचे 30 टक्के म्हणजे 4,75,200, त्यावर पुढच्या वाढीचे 10 टक्के म्हणजे 5,22,720, आणि हे झालं फक्त कमाईचं, दवाखान्याचा खर्च, वहिनींनी कामावर न जाता जवळ बसून काढलेले दिवस, पुढं रॉड काढायचं ऑपरेशन, वेदना, हे सगळं वेगळं, वर व्याज वेगळं. हे आकडे मी अंदाजानं धरलेत, 30 च्या जागी 15 पण निघू शकतात, पण सत्तर हजाराच्या शेजारी ठेवून बघा म्हणजे बैठकीतल्या चार जणांना एवढी घाई का झालीये ते कळेल.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, वकील लोक सुद्धा कधीकधी चुकतात. डॉक्टर सर्टिफिकेटवर लिहितो त्या पायाच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कोर्ट धरतं ती कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी. बाबू माणसाचा पाय थोडा आखडला तर तो खुर्चीवर बसून काम करेलच, पण जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्याला तोच पाय म्हणजे रोजगारच गेला. 2011 च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. म्हणून आबा नक्की काय काम करायचे, किती वजन उचलायचे, हे मुकादमाकडून लिहून घ्या, हजेरीच्या वहीची झेरॉक्स घ्या, पगार रोखीत असला तरी पासबुकात जे काही दिसतं ते ठेवा. पगाराची स्लिप नाही म्हणून क्लेम होत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, अशा वेळी कोर्ट किमान वेतन वगैरे बघून उत्पन्न धरतं.

आता दारूचं. तुम्ही लिहिलंय "रक्तात काही निघालं नाही तर केस संपली का". नाही संपत. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 म्हणतं की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अल्कोहोल शरीरातून तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमनं उतरतं, पावणेपाच ते साडेबारा म्हणजे पावणेआठ तास, म्हणजे शंभराच्या वर उतरलेलं असणार. रिपोर्ट वीसचा आला तरी पहाटे किती असेल याचा उलटा हिशेब डॉक्टरांच्या साक्षीत मांडता येतो, ते सोपं नाही, समोरचा वकील त्याच्यावर तुटून पडेल, पण मांडता येतो. त्यापेक्षा मला जास्त इंटरेस्ट आहे तो सरकारी दवाखान्यात त्या पोराला तपासताना डॉक्टरनं काय लिहिलं त्यात, तोंडाला वास, डोळे लाल, चाल अडखळती, अशी एक ओळ जरी असली तरी सोनं. ते कागद आत्ताच तपास अधिकाऱ्याकडं लेखी मागून रेकॉर्डवर येऊ द्या.

आणि समजा 185 टिकलंच नाही, तरी भारतीय न्याय संहितेचं 281, बेदरकार गाडी चालवणं, आणि 125, बेदरकारपणानं दुखापत करणं, यांना दारूची गरजच नाही. तुमच्या एफआयआरमध्ये 125(अ) लावलंय, म्हणजे साधी दुखापत. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, तिथं 125(ब) लागायला पाहिजे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सुरुवातीला (अ) लावतात आणि इंज्युरी सर्टिफिकेट आलं की (ब) वाढवतात, असं नेहमी होतं, पण कधीकधी ते "वाढवणं" राहूनच जातं, म्हणून एक्सरे आणि ऑपरेशनच्या नोट्स जोडून अर्ज द्या. तुम्ही विचारलंय की खुनाच्या प्रयत्नाचं लावता येईल का. राग समजतो मला, पण नाही, टिकणार नाही. मुंबईच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये दारू पिऊन फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी घातली, सात जण गेले, तिथं सदोष मनुष्यवधाचं कलम सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं आणि शिक्षा झाली तीन वर्षं. त्याच्या तुलनेत आपली केस कुठं बसते ते तुम्हीच बघा. पोरगा जामिनावर सुटला म्हणूनही चिडू नका, ही कलमं जामीनपात्रच आहेत.

मला खरी काळजी वाटली ती आबांच्या जबाबाची. तुम्ही लिहिलंय की आबा अहिराणीत बोलले, "मांगून उजेड उना, मी बाजूले सरकनू, मंग काही दिखनं नही". आणि जबाबात काय टाइप झालंय? "मागून उजेड दिसल्याने मी सायकल बाजूला वळवली". बघा, सरकनू आणि वळवली. आबा म्हणतायत की मी रस्त्याच्या कडेला झालो, वाट दिली. कागद म्हणतोय सायकल वळवली, आणि उद्या विमा कंपनीचा वकील उभा राहून म्हणणार की सायकलवाला अचानक आडवा आला. एका क्रियापदावर तुमची भरपाई तीस-चाळीस टक्क्यांनी कापली जाऊ शकते, याला आम्ही सहभागी निष्काळजीपणा म्हणतो. त्यामुळं उद्याच पुरवणी जबाबाचा अर्ज द्या, आबा काय बोलले ते अहिराणीत जसंच्या तसं लिहा, खाली मराठीत अर्थ लिहा, पोच घ्या, एक प्रत पोस्टानं एसपी ऑफिसला. आमच्या खान्देशात हे फार होतं हो, साहेब बाहेरचे असतात, माणूस घाबरलेला असतो, आणि जबाब वाचून दाखवला तरी तो हो हो म्हणतो.

सायकलला लाइट नव्हता हे ते वापरणार, तयार राहा. हेल्मेटचं कोणी काढलं तर सांगा की मोटार वाहन कायद्याचं 129 कलम मोटारसायकलवाल्यांना आहे, सायकलवाल्याला नाही, आणि सायकलला लायसन लागत नाही की विमा लागत नाही. लाइट नसल्याचं थोडंफार कापलं जाईल कदाचित, पण त्याला उत्तर सायकलमध्येच आहे. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात मागचं चाक वाकून आठच्या आकड्यासारखं झालंय आणि पुढचं चाक एकदम सरळ. म्हणजे ठोकर मागून, सरळ मागून, सायकल आडवी असती तर फ्रेम मधून वाकली असती. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टरचा तुकडा अजून चिकटलेला दिसतोय. आणि डबा, भरीत-भाकरीचा स्टीलचा डबा तीस-पस्तीस फुटांवर शेतात सापडला असं तुम्ही लिहिलंय, ते पंचनाम्यात आहे का बघा, नसेल तर ज्यानं उचलला त्याचा जबाब नोंदवायला सांगा, गाडीच्या स्पीडबद्दल हजार शब्द बोलण्यापेक्षा तो डबा बरा बोलतो.

ड्रायव्हर बदलल्याचं प्रकरण. टपरीवाला घाबरतोय म्हणता, साहजिक आहे, त्याला रोज तिथंच बसायचंय. पण त्याचा जबाब मॅजिस्ट्रेटपुढं, नागरिक सुरक्षा संहितेच्या 183 खाली नोंदवायची मागणी करा, मग तो सहसा फिरत नाही. हळदीचे रील त्या पोरांनीच टाकलेत ना, गाडीत बसून निघताना स्टिअरिंगवर कोण दिसतो ते? डिलीट व्हायच्या आत स्क्रीन रेकॉर्ड करा, तारीख-वेळ, अकाउंट दिसेल असं, आणि ज्या फोनमध्ये घेतलं तो फोन फॉरमॅट मारू नका, कारण पुढं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं. पेट्रोल पंपाचं फुटेज तर आजच मागा, पंपवाले फार दिवस ठेवत नाहीत. खोटा माणूस उभा करून खऱ्याला वाचवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहिता 238, हे मेहुण्याला कोणीतरी समजावून सांगितलं तर तोच पहिला मागं फिरेल असा माझा अनुभव आहे, दोन पेग सुद्धा न पिता केस अंगावर कोण घेतं.

पोलिसांनी ऐकलंच नाही तर एसपींना लेखी, तिथंही नाही तर पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून मॅजिस्ट्रेटकडं नागरिक सुरक्षा संहितेच्या 175(3) चा अर्ज. पण एक लक्षात ठेवा, फौजदारी केस कशीही गेली, अगदी मेहुणाच ड्रायव्हर ठरला तरी भरपाईचा क्लेम मरत नाही. गाडी तीच, मालक तोच, विमा तोच. न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या कोर्टात, संशयापलीकडं सिद्ध करावं लागत नाही, कोणती बाजू जास्त पटते एवढंच बघतात. आणि ड्रायव्हर प्यालेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करेल ही तुमची भीती, कंपनी तो बचाव घेते, घेईलच, पण साधारणपणे कोर्ट आधी जखमी माणसाला द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करा म्हणतं. गाडीचा विमा चालू होता का ते गाडीच्या नंबरवरून परिवहनच्या ॲपवर आत्ता बघा. चालू नसेल तर मला लगेच कळवा, मग सिक्युरिटी भरल्याशिवाय गाडी सोडू नये म्हणून अर्ज करावा लागेल.

तारीख. भरपाईच्या दाव्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज, म्हणजे 28 मेच्या आत. या मुदतीवर वरच्या कोर्टात वाद चाललेत हे खरंय, पण त्या वादावर आपली केस टांगायची नाही. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तो गेला का विचारत राहा, पण त्याच्यावर विसंबून आपला अर्ज थांबवू नका. अपघात झाला तिथंच दावा लावायला पाहिजे असंही नाही, जिथं राहता तिथंही लावता येतो. कोणी म्हणेल त्याच कायद्याच्या 164 मध्ये गंभीर दुखापतीला सरळ अडीच लाख मिळतात, चूक सिद्ध करायची कटकट नाही, खरंय ते, पण ते पैसे स्वीकारले की 166 चा मोठा दावा बंद होतो, त्यामुळं डोळे झाकून हो म्हणू नका.

सरकारी दवाखान्याच्या गेटवर एक जण भेटला आणि क्लेम काढून देतो, तीस टक्के घेईन म्हणाला ना? वकिलानं निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही, आणि तो तर वकीलही नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आबांचा अंगठा कोणालाच देऊ नका. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कामगार माणसाला मोफत वकील मिळू शकतो.

दवाखान्याच्या बिलाबद्दल एक राहिलं. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत, जोडलेल्या दवाखान्यात. तुमच्याकडून भरून घेतले असतील तर बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, रिक्षाभाडं पण, एका पिशवीत.

आता रविवार. जा बैठकीला, न जाऊन गावात वैर कशाला. त्यांना चहा पाजा. ते म्हणतील पोराचं लग्न ठरलंय, आयुष्य खराब होईल. तुम्ही एवढंच म्हणा की 125 ची तडजोड कोर्टाच्या परवानगीशिवाय होत नाही, 281 आणि दारूचं 185 तर तडजोडीच्या यादीतच नाही, म्हणजे हा स्टॅम्प पेपर तुमच्या पोराला सोडवत नाही आणि माझ्या बापाचा क्लेम मात्र अडकवतो, मग दोघांनी कशाला शंभर-पाचशेचा कागद वाया घालवायचा. आबांच्या उपचारासाठी कोणाला मनापासून काही द्यायचं असेल तर खात्यावर टाका म्हणा, बदल्यात सही नाही. आणि निघताना सायकल ओसरीत आत घेऊन कुलूप लावून या, भंगारवाला यायच्या आत.