गॅप नव्हती रे

पोरा,

परवाची तुझी कार्टची, म्हणजे आपल्या छोट्या उघड्या गाड्यांची रेस बघितली. सातव्या नंबरवरून सुटलास आणि पहिल्याच कॉर्नरला आत घुसलास, दोन पोरं ट्रॅकबाहेर गेली, आणि नंतर पॅडॉकमध्ये, गाड्या उभ्या करतात तिथे, मला म्हणालास की गॅप होती. गॅप नव्हती रे. समोरच्याने गाडी वळवली तेव्हा तुझं पुढचं चाक जेमतेम त्याच्या मागच्या चाकापाशी होतं. त्याला ना आरसा ना मान वळवायला जागा, तू दिसणार कसा?

चाकं उघडी असतात आणि फिरत्या चाकावर चाक चढलं की मागची गाडी सरळ उडते, आणि आपल्याला सीटबेल्ट नसतो हे तुला मी वेगळं सांगायला नको.

रोलिंग स्टार्टला, म्हणजे सगळे चालत्या गाडीने लाईनकडे येतात तेव्हा, लाल लाईट विझेपर्यंत रेस सुरू नसते. स्टार्ट लाईनच्या 25 मीटर आधी पिवळी रेघ असते, तिथवर कुणी स्पीड वाढवायचा नाही, आपली लेन सोडायची नाही. पण पोलवाल्याने, म्हणजे सगळ्यात पुढच्याने, जरा पाय उचलला की मागे दहाव्या नंबरपर्यंत ते ब्रेकिंग वाढत वाढत येतं. म्हणून समोरच्या बंपरकडे बघू नकोस, त्याच्या पुढच्या दोन हेल्मेटांकडे बघ. तुझा पुढचा बंपर समोरच्याला ठोकून आत ढकलला गेला तर इंटरनॅशनल नियमात 5 सेकंदांची पेनल्टी आहे, आणि ती मला अगदी योग्य वाटते.

आपल्या गिअर नसलेल्या गाड्यांना ब्रेक फक्त मागे, त्यात टायर गार, पकड कमी. माझं एकदा असंच झालं, उशिरा ब्रेक मारला, मागची चाकं लॉक झाली आणि मी कॉर्नरच्या मधोमध उलटा तोंड करून बसलो, मागच्या सगळ्या गाड्या अंगावर येतायत. दोन्ही हात वर केले आणि हललो नाही. एका गाडीचा नोज माझ्या कोपराला घासून गेला, ग्लोव्हच्या वर सूट फाटला. उतरून पळालो असतो तर कुणाच्या तरी खाली आलो असतो. तुझी गाडी फिरली तर तूही तसाच बस, हात वर, ट्रॅकवरचा मार्शल बोलावेपर्यंत.

त्या दोघांशी बोललास का? धाकट्याच्या बरगड्या अजून दुखतायत, आज फोन कर. उद्या सकाळी ये, गार टायरवर फक्त पहिला कॉर्नर करू, दहा वेळा, मी बाहेरच्या लाईनवर असेन आणि तू मला एक गाडीभर जागा सोडायची.