एकाच शहरात नव्या औषधाच्या किंवा लसीच्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीसाठी, पुरेसे लोक मिळत नाहीत, मग काय करतात?

वेगवेगळ्या भागातल्या संस्था एकत्र येतात. रोटाव्हायरस, म्हणजे बाळांना जोरदार जुलाब करणारा विषाणू, त्याच्या रोटाव्हॅक या लसीचंच बघा, तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या ट्रायलला 6,799 बाळं लागली, तीही जेमतेम 6-7 आठवड्यांची, मग दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू अशा 3 ठिकाणी काम वाटून घेतलं. वढूला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या रिसर्च सेंटरचं गावात आधीपासून काम होतं, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे, ओळख नसेल तर कुठली आई दीड महिन्याचं बाळ ट्रायलला देईल? संमतीचा कागद मराठीत, नीट समजावून, आणि कधीही बाहेर पडायची मोकळीक, हे हवंच. 2016 ला ही लस सरकारी लसीकरणात आली, फुकट.