साक्षीदार ‘हॉस्टाइल’ झाला म्हणजे फितूरच झाला का?

प्रश्न असा आला आहे : ‘हॉस्टाइल विटनेस’ला वर्तमानपत्रं ‘फितूर साक्षीदार’ म्हणतात. मग ‘हॉस्टाइल’ला सगळीकडे फितूर किंवा शत्रुत्वाचा म्हणावं का?

माझ्या मते कोर्टाच्या बातमीतही ‘फितूर’ जपून वापरावा. फितुरीत शत्रूला आतून सामील होणं असतं, आणि त्या शब्दाला पैशांचा वासही येतो. कोर्टात घडतं ते असं : सरतपासणीत, म्हणजे ज्या बाजूने बोलावलं त्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना, साक्षीदार पोलिसांना दिलेल्या जबाबापेक्षा वेगळं बोलू लागतो. सरकारी वकील न्यायाधीशांची परवानगी मागतात आणि ती मिळाली की आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात; एरवी आपल्या साक्षीदाराला विचारता येत नाहीत असे सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारतात, जुना जबाब त्याच्यापुढे ठेवतात. साक्षीदार का बदलला? धमकी असेल, लाच असेल, किंवा पोलिसांनीच जबाब चुकीचा लिहिला असेल. परवानगी देताना कोर्ट यातलं काहीच ठरवत नाही. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 154 मध्ये तर ‘हॉस्टाइल’ हा शब्दच नव्हता; तिथे फक्त परवानगीची तरतूद होती. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 मध्ये आहे. अशा साक्षीदाराची साक्ष आपोआप बाद होत नाही, विश्वासार्ह भाग वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘फितूर’ वाचणाऱ्याला मात्र साक्ष वाया गेली असंच वाटतं. म्हणून ‘साक्षीदार उलटला’ किंवा ‘जबाबावरून फिरला’ लिहावं. लाच सिद्ध झाली असेल तर खुशाल फितूर म्हणा.

जमिनीच्या वादात हा शब्द आणखी चकवतो. ‘अ‍ॅडव्हर्स पझेशन’साठी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं ताबा ठेवून मालकी सांगण्यासाठी, ताबा ‘हॉस्टाइल’ असावा लागतो, म्हणजे मूळ मालकाची मालकी नाकारून, उघडपणे ठेवलेला. त्यासाठी भांडण असावं लागत नाही. उलट भाडेकरू मालकाशी रोज कचाकचा भांडत असला तरी त्याचा ताबा परवानगीचाच राहतो. नुसती बारा वर्षं काढून तो मालक होत नाही. इथे ‘मालकी नाकारणारा ताबा’ असं सरळ लिहिणं बरं.

‘हॉस्टाइल टेकओव्हर’मध्ये विरोध असतो तो व्यवस्थापनाचा. 2019 मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्री ही आयटी कंपनी घेतली, तेव्हा प्रवर्तकांचा विरोध होता, पण 20 टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा ‘कॉफी डे’चे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांनी राजीखुशीने विकला होता, आणि बाकी भागधारकांसाठी शेअरमागे 980 रुपये भावाने खरेदीचा खुला प्रस्ताव होता. ‘शत्रुत्वाचा ताबा’ हे भाषांतर इथे अगदीच फसतं. ‘व्यवस्थापनाच्या विरोधात कंपनी ताब्यात घेणं’ लांब आहे, पण बरोबर आहे.

इंग्रजी लिहिताना ‘हॉस्टाइल’पुढे ‘टू’ घ्यावा. मराठीतल्या ‘विरुद्ध’मुळे हात ‘अगेन्स्ट’कडे जातो, तो आवरावा. अमेरिकी उच्चार ‘हॉस्टल’च्या अगदी जवळ जातो, तेव्हा संदर्भावरून ओळखावं.

आणि अनेकवचन जपा. ‘हॉस्टिलिटी’ म्हणजे वैरभाव, पण ‘हॉस्टिलिटीज’ म्हणजे प्रत्यक्ष लढाई. 27 जुलै 1953 च्या युद्धविराम करारानंतर कोरियात हॉस्टिलिटीज थांबल्या; शांतता करार अजून झालेला नाही. तिथे ‘शत्रुत्व संपलं’ असं लिहिलं, तर बातमीच चुकते.